डोंगरातील शिकार आणि हलक्या दुर्बिणीचा हिशेब

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील सदर्न आल्प्स पर्वतरांगेत हिमालयातील एक प्राणी गेल्या शंभराहून अधिक वर्षांपासून ठाण मांडून बसला आहे. त्याचे नाव ताहर. रानशेळीच्या जातकुळीतला, आखूड वाकड्या शिंगांचा, थंडीत मानेवर दाट आयाळ मिरवणारा हा प्राणी १९०४ मध्ये माऊंट कुकच्या परिसरात मुद्दाम सोडण्यात आला. शिकारीची हौस हे त्यामागचे कारण. पुढे तीनच वर्षांनी ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने भेट दिलेले शॅमॉय त्याच परिसरात मोकळे करण्यात आले. वटवाघळे सोडली तर या देशात मूळचा भूचर सस्तन प्राणी एकही नव्हता. खुरांच्या जनावरांची सवय नसलेल्या तेथील उंचावरच्या गवतांना आणि फुलझाडांना हे पाहुणे महागात पडले. अखेर १९९३ मध्ये सरकारने नियंत्रण आराखडा आखला आणि ताहरांची संख्या दहा हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही, अशी मर्यादा घातली.

यातला विरोधाभास विलक्षण आहे. हिमालयात, आपल्या मूळ घरी, हाच ताहर संकटाच्या उंबरठ्यावर आहे आणि भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे. भारतात त्याच्यावर बंदूक रोखणे हा गंभीर गुन्हा, तर न्यूझीलंडमध्ये त्याची शिकार करणाऱ्याला संवर्धन खातेच परवाना देते, इतकेच नव्हे तर माद्या टिपण्याचे आवाहनही करते. कारण शिकाऱ्यांचा ओढा आयाळवाल्या नरांकडे असतो आणि नर कमी झाल्याने कळप आटोक्यात येत नाही. या शिकारीचे बरेवाईट हा वेगळ्या चर्चेचा विषय. परंतु ती जर होणारच असेल, तर एका गोळीत आणि वेदनेविना व्हावी, याबद्दल दुमत नसावे. ते ज्या साधनावर पुष्कळ अंशी अवलंबून असते, ते म्हणजे रायफलवर बसवायची दुर्बीण, अर्थात स्कोप.

ताहर राहतो साधारण हजार ते दोन हजार मीटर उंचीवर, सुटे दगड, निसरडे गवत आणि कडे यांच्या सान्निध्यात. शिकारीचा खरा हंगाम म्हणजे तेथील हिवाळ्याच्या तोंडाचा, मे ते जुलैचा काळ. दिवस लहान, पाठीवर तंबू, शिधा, दोर, गरम कपडे आणि हातात रायफल. सह्याद्रीत पाठीवर बोचके टाकून गड चढलेल्या कोणालाही अर्धा किलो वजनाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही. पर्वतासाठी बनवलेली रायफल अडीच ते तीन किलोंची असते. तिच्या नळीतून आणि दस्त्यातून काही ग्रॅम वाचवण्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात. आणि मग तिच्यावर एक किलोचा स्कोप चढवतात! पाचपट ते पंचवीसपट विशालनाचे, ५६ मिलिमीटर भिंगाचे जे भारदस्त स्कोप हल्ली लोकप्रिय आहेत, त्यांचे वजन खरोखर किलोच्या घरात जाते. उलट तीनपट ते दहापट विशालनाचा, ४२ मिलिमीटर भिंगाचा चांगला शिकारी स्कोप साडेतीनशे ते चारशे ग्रॅममध्ये मिळतो. वजन रायफलच्या माथ्यावर असल्याने तिचा तोलही बिघडतो, हे निराळेच.

मोठ्या भिंगाची ही ओढ आली कुठून? मध्य युरोपात रानडुकराची शिकार चांदण्या रात्री उंच लाकडी मचाणावर बसून करण्याची प्रथा आहे. तेथे आठपट विशालन आणि ५६ मिलिमीटर भिंग ही जोडी रूढ झाली, आणि ती शास्त्रशुद्ध होती. स्कोपमधून डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी काढण्याचे गणित अगदी सोपे आहे. पुढच्या भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागायचे. ५६ भागिले ८ म्हणजे ७ मिलिमीटर; काळोखात तरुण डोळ्याची बाहुली साधारण तेवढीच विस्फारते. म्हणजे मिळेल तो सगळा प्रकाश डोळ्यात उतरतो. पण मचाणावरच्या माणसाला स्कोप वाहून न्यायचा नसतो. डोंगरातला शिकारी दिवसाउजेडी शिकार करतो. त्याच्या बाहुलीला तीन-चार मिलिमीटरचा झोत पुरतो, आणि पहाट-संध्याकाळच्या अंधुक वेळी पाच-सहाचा. ३६ मिलिमीटरचे भिंग सहापट विशालनाला नेमका सहाचा झोत देते. वयाच्या पन्नाशीनंतर बाहुली तशीही पूर्वीइतकी उघडत नाही. त्या वयाच्या शिकाऱ्याने ५६चे भिंग वाहून नेणे म्हणजे निव्वळ हमाली. शिवाय पंचवीसपट विशालनाला ५० मिलिमीटरचे भिंगही दोनच मिलिमीटरचा झोत देते. ढगाळ संध्याकाळी सगळ्यात मोठा आकडा लावणाऱ्याला सगळ्यात अंधारे चित्र दिसते, ते यामुळे.

प्रकाशाच्या बाबतीत व्यासापेक्षा भिंगावरचा लेप अधिक महत्त्वाचा. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वाया जातो, आणि स्कोपमध्ये अशी पृष्ठे डझनावारी असतात. झाईस कंपनीतील अलेक्झांडर स्मकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाचा शोध लावला, तेव्हापासून हे नुकसान कमी होत गेले. उत्तम लेपाचा लहान स्कोप हा सामान्य लेपाच्या मोठ्या स्कोपहून उजळ चित्र देऊ शकतो, आणि लेपाला वजन नसते. तीस मिलिमीटरच्या जाड नळीतून इंची नळीपेक्षा जास्त प्रकाश येतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. जाड नळीचा खरा लाभ फुली वरखाली सरकवायला आत जास्त जागा मिळते, हा आहे. तीनशे मीटरच्या आतल्या शिकारीत ती जागा बहुधा रिकामीच राहते.

मग विशालन किती हवे? ताहरावरचा नेम सामान्यतः दोनशे-तीनशे मीटरवरून धरला जातो. सहापट विशालनात तीनशे मीटरवरचा प्राणी पन्नास मीटरवर असल्यासारखा दिसतो. पर्वतीय मेंढ्यांच्या शिकारीबद्दल आयुष्यभर लिहिणारे अमेरिकी लेखक जॅक ओकॉनर यांच्या आवडत्या रायफलवर चौपट विशालनाचा, न बदलणारा स्कोप होता. आठपट वा दहापटीच्या पुढे गेले की फायद्यापेक्षा तोटाच वाढतो. चढ चढून धापा टाकणाऱ्या माणसाचे हृदय धडधडत असते. ती प्रत्येक धडधड स्कोपमध्ये तितक्याच पटीने मोठी होऊन फुली नाचवते. दिसणारा परिसरही आक्रसतो. बारापट विशालनात शंभर मीटरवर जेमतेम तीन-साडेतीन मीटरची पट्टी दिसते. कळपातला हेरलेला प्राणी दोन पावले सरकला की तो हरवतो, आणि पुन्हा सापडतो तो तोच की दुसरा, हे सांगता येत नाही. तळाची बाजू अडीच-तीनपटीची असावी, कारण धारेवरून डोके वर काढावे आणि ताहर तीस मीटरवर उभा असावा, असेही घडते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्कोप नेम सुधारत नाही. तो फक्त दिसणे सुधारतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्या प्रकारात स्कोपला परवानगीच नाही. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर, आणि ते टिपायचे बारीक छिद्राच्या साध्या पट्टीतून. जिम कॉर्बेट यांच्या रायफलीवरही नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच एवढेच होते. हात स्थिर नसेल तर पंचवीसपट विशालन त्या अस्थिरतेचे फक्त मोठे चित्र दाखवील.

हलका स्कोप निवडताना कळीचा प्रश्न हा, की वजन कमी केले आहे ते कुठून. ते नको असलेल्या गोष्टी वगळून कमी केले असेल तर ठीक. बॅटरीवर उजळणारी फुली, उघड्यावरचे उंच चक्राकार खटके, अंतरानुसार प्रतिमा जुळवणारी बाजूची चकती या सगळ्यांना वजन असते. चकतीचेच पाहा. ती नसलेले शिकारी स्कोप साधारण शंभर मीटर अंतरासाठी जुळवलेले असतात. डोळा भिंगाच्या मध्यावरून पार कडेला गेला, तरी ४२ मिलिमीटरच्या भिंगात तीनशे मीटरवर होणारी चूक चार-पाच सेंटिमीटरपलीकडे जात नाही. ताहराच्या छातीतले मर्मस्थान त्याहून कितीतरी मोठे असते. तेव्हा तीनशे मीटरपर्यंत चकतीवाचून काही अडत नाही. खटक्यांवर मात्र झाकण हवेच. झुडपांतून घुसताना उघडा खटका दोन घरे फिरला, तर ते गोळी चुकल्यावरच कळते.

याउलट नळीचा पत्रा पातळ करून, आतल्या फुलीला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा कमजोर ठेवून वजन घटवलेले असेल, तर तो स्कोप कितीही स्वस्त आणि हलका असला तरी डोंगरात नेऊ नये. याला आणखी एक कारण आहे. रायफल जितकी हलकी, तितका तिचा मागचा दणका मोठा. म्हणजे हलक्या रायफलवरच्या स्कोपला भारी रायफलवरच्यापेक्षा जास्त मार सोसावा लागतो. हाच दणका शिकाऱ्याच्या भुवईलाही भोवतो. चढावर नेम धरताना मान मागे झुकते, डोळा नकळत स्कोपच्या जवळ सरकतो आणि धातूची कड कपाळावर अर्धचंद्र कोरते. डोळा आणि स्कोप यांत नऊ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवूनही पूर्ण चित्र दिसते का, हे म्हणून दुकानातच पाहावे, आणि तेही जाड जाकीट घालून. स्कोप पकडणाऱ्या कड्यांवर काटकसर करू नये. सुटलेला एक स्क्रू उत्तमोत्तम काचेचे मातेरे करतो. पुढचे भिंग लहान असले की कडी बुटकी चालतात, गाल दस्त्यावर नीट टेकतो, आणि थोडे वजन आपोआप वाचते.

वजन वाचवण्याचा एक मार्ग मात्र पूर्णपणे निषिद्ध मानला जातो. स्कोप आहेच, मग हातातली दुर्बीण घरी ठेवू, हा तो विचार. स्कोपमधून शोध घेणे म्हणजे जे जे पाहायचे, त्या त्या दिशेला भरलेली रायफल रोखणे. समोरच्या उतारावरची हालचाल कधी ताहराची असते, कधी दुसऱ्या शिकाऱ्याची. लक्ष्य कोणते आहे याची नि:संशय खात्री करा, हा न्यूझीलंडच्या शस्त्रसुरक्षेच्या सात नियमांपैकी एक आहे, आणि माणसाला प्राणी समजून गोळी झाडल्याने तेथे अनेक बळी गेले आहेत. मादी आणि कोवळा नर यांतला फरकही निवांत बसून, दोन्ही डोळ्यांनी, दुर्बिणीतूनच करायचा असतो. किलोभराचा स्कोप घेऊन दुर्बीण टाळणाऱ्यापेक्षा साडेतीनशे ग्रॅमचा स्कोप आणि चांगली दुर्बीण बाळगणारा शहाणा. दोघांच्या पाठीवरचे वजन जवळपास सारखेच.

राहिला प्रश्न अंतराचा. दोनशे मीटरवर नेम जुळवलेल्या सर्वसाधारण शिकारी रायफलची गोळी तीनशे मीटरवर साधारण वीतभर खाली उतरते. त्यापुढे ती झपाट्याने पडू लागते, आणि दरीतला वारा तिला बाजूला ढकलतो. हा वारा कोणत्याही भिंगातून मोजता येत नाही. उताराचे गणितही असते. चाळीस अंशांच्या कोनात चारशे मीटरवर असलेल्या प्राण्यापर्यंतचे आडवे अंतर तीनशे मीटरच्या थोडे वर भरते, आणि गुरुत्वाकर्षणाचा हिशेब त्या आडव्या अंतराशी असतो. हे न जाणणारा शिकारी गोळी पाठीवरून घालवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे प्राण्याला अर्धवट जखमी करतो. जखमी ताहर कड्यात उतरतो, जेथे माणसाला जाता येत नाही. सरावाच्या मैदानावर पाठपिशवीच्या टेकूवरून दहापैकी दहा गोळ्या ज्या अंतरापर्यंत ताटाएवढ्या वर्तुळात बसतात, तेथे आपली मर्यादा आखावी, असे जाणते मार्गदर्शक सांगतात. बहुतेकांची ही मर्यादा हलक्या, साध्या स्कोपच्या मर्यादेच्या आतच येते.

निघण्याआधी आणि डोंगरात पोचल्यावर, असा दोनदा नेम तपासावा. दगडावर आपटलेल्या रायफलची तर पुन्हा एकदा चाचणी घ्यावीच. रात्री रायफल उबदार झोपडीत आणू नये. थंडगार भिंगावर दव धरते आणि सकाळी बाहेर पडताच ते गोठते. आतल्या भागात नायट्रोजन वा आरगॉन भरलेला असल्याने तेथे धुके साचत नाही, पण बाहेरच्या काचेला त्याचा उपयोग नाही. भिंगांवर चढवायचे रबरी टोपण आणि खिशात कोरडे सुती फडके, दोन्ही मिळून पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाहीत.