कुलूप शाबूत, मागचे दार उघडे

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. तिजोरीला कोणी हातही लावला नव्हता. यंत्रणेत शिरलेल्या मालवेअरने खऱ्या मंजुरीला बगल दिली आणि बहुतांश रक्कम २८ देशांतील एटीएममधून निघाली.

घरचा संगणकही असाच फितूर होतो. अनोळखी ई-मेलसोबतची फाईल किंवा फुकटातले चोरटे सॉफ्टवेअर त्यास पुरते. शंका येताच इंटरनेट तोडावे. पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक संगणकावरून बदलावा. अन्यथा नवा पासवर्डही चोराच्या हाती पडतो. मग अद्ययावत अँटिव्हायरसने संपूर्ण तपासणी करावी. तरीही संशय उरल्यास डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे इष्ट. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर व बँकेस तत्काळ कळवावे.