तमालपत्राचे काम आणि आपले काम

पुलावातले तमालपत्र ज्याच्या पानात येते, तो ते मुकाट्याने उचलून कडेला ठेवतो. वेलदोडा दाताखाली आला तर तोंड वाकडे होते, लवंग जिभेला चटका देते. तमालपत्र बिचारे कुणाला काही न बोलता बाजूला होते. मसाल्याच्या डब्यात सर्वांत मोठे आणि ताटात सर्वांत निरुपयोगी! तरीही ते घातले नाही, तर मसालेभातात काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

पनवेलला लागून असलेल्या आमच्या करंजाडे वसाहतीत या एका पानाची किती तरी घरे आहेत. समोरच्या भाभी त्याला ‘तेजपत्ता’ म्हणतात आणि राजम्याच्या फोडणीत टाकतात. वरच्या मजल्यावरच्या मालवणी काकी गावाहून दालचिनीच्या झाडाची वाळवलेली पाने आणतात आणि तेच आपले तमालपत्र मानतात. तळमजल्यावरच्या आगरी आजींकडे एप्रिल-मे महिन्यांत मिरच्या, धणे, बडीशेप, दगडफूल यांच्याबरोबर तमालपत्र गच्चीत उन्हात पडते आणि कडकडीत वाळले की डंकावर कुटायला जाते. मी गोड्या मसाल्यासाठी ते तेलाच्या थेंबावर, मंद आचेवर भाजते. चार स्वयंपाकघरे, चार तऱ्हा.

काकींचे म्हणणे चुकीचे नाही. तमालपत्र आणि दालचिनी एकाच कुळातली, सख्ख्या चुलत बहिणींसारखी. खरे तमालपत्र हिमालयाच्या उतारांवर आणि ईशान्येकडे मेघालयात होते. ‘उत्तराखंड तेजपात’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परदेशी पाककृतींत जे ‘बे लीफ’ असते, ते मात्र भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल या वेगळ्या झाडाचे पान. ओळखायची खूण सोपी आहे. आपल्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा असतात. लॉरेलला मधली एकच शीर आणि तिला आडव्या फुटलेल्या बारीक शिरा. आपल्या पानाला लवंग-दालचिनीचा वास, कारण त्यात लवंगेतलेच युजेनॉल असते. लॉरेलचा वास नीलगिरीकडे झुकतो. एकाच्या जागी दुसरे घातले तर पदार्थ बिघडत नाही, पण त्याची जात बदलते.

या पानाचे कौतुक जुने आहे. आयुर्वेदात दालचिनी, वेलदोडा आणि तमालपत्र मिळून ‘त्रिजात’ होते, नागकेशर मिळाले की ‘चातुर्जात’. पहिल्या शतकात केरळच्या किनाऱ्यावरून रोमन जगाकडे जाणाऱ्या गलबतांत मिऱ्यांबरोबर ‘मलाबाथ्रम’ नावाची पाने असत. ते नाव म्हणजे आपल्या ‘तमालपत्रा’चाच ग्रीक-रोमन उच्चार.

घेताना पान हिरवट रंगाचे, अखंड घ्यावे. मोडून वास घ्यावा. वास आला नाही तर ते नुसते पातेरे. त्याचा सुगंध तुपा-तेलात उतरतो, म्हणून ते फोडणीच्या सुरुवातीला, तेल कोमट असतानाच घालावे. काळे पडले की कडवटपणा येतो. चौघांच्या भाताला दोन पाने पुरे. कितीही शिजवले तरी पान मऊ होत नाही आणि त्याची कड घशात टोचू शकते; लहान मुलांना वाढण्यापूर्वी ते काढून टाकावे. मसाल्यात मात्र ते पूर्ण बारीक झाले पाहिजे, म्हणून भाजल्यावर मधली शीर काढून टाकलेली बरी.

आता डब्यातल्या तमालपत्राविषयी. तांदळात चार पाने ठेवली की टोके होत नाहीत, असे आपण सगळ्याच जणी एकमेकींना सांगतो. यात तथ्य आहे ते एवढेच, की उग्र वासाने बाहेरचा किडा थोडा दूर राहतो. पण तांदळातल्या टोक्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि ते भोक बुजवून टाकते. असे दाणे दुकानातूनच घरी आले असतील, तर पानाचा वास तिथवर कसा पोहोचणार?

मग आजींच्या वेळी कसे चालत असे? १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी इथल्या गावांची शेते गेली. पुढे विमानतळासाठी गावेच हलली आणि त्यांतली काही कुटुंबे वडघर-करंजाडे भागात आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले, त्याच्या जागेवर त्यांची घरेदारे होती. वर्षाचा तांदूळ घरचा असण्याच्या त्या काळात कणगीत पाला पडे, पण त्याआधी धान्याला कडक ऊन मिळे. नंतरही ते पाखडले जाई, चाळले जाई, पावसाळ्यात अधूनमधून हात घालून पाहिले जाई. पाला हा त्या राखणीचा एक भाग होता. आम्ही फ्लॅटमध्ये पान तेवढे आणले, राखण खाली ठेवून आलो.

ही राखण सुटली की माणूस सोपा उपाय शोधतो, आणि इथे धोका सुरू होतो. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या काही ठिकाणी सहज हाती येतात. त्यांतल्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडमधून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे आणि त्यावर उतारा नाही. या गोळ्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली गोदामांत वापरायच्या. जिथे मुले झोपतात, त्या दोन खोल्यांच्या बंद घरात त्यांना थारा देऊ नये. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आणि हवा शुद्ध होते म्हणून बंद खोलीत तमालपत्र जाळण्याचीही गरज नाही. धूर तो धूरच. दमेकऱ्याला तो त्रासच देणार.

त्यापेक्षा महिन्याभरापुरताच तांदूळ आणावा. डबा धुऊन उन्हात पूर्ण कोरडा करावा, झाकण घट्ट असावे. जुने संपल्याशिवाय नवे ओतू नये. थोडे धान्य असेल तर ते घट्ट बंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावे. आतली अंडीही मरतात. मग वर चार कोरडी पाने जरूर ठेवावीत आणि वास गेला की बदलावीत. दमट पान ठेवले तर उलट बुरशीला आमंत्रण.

आगरी आजींना परवा विचारले, तुमच्या डब्यात तमालपत्र असते का? त्या म्हणाल्या, असते की. पण डबा मी आठवड्यातून एकदा उघडते.