दोन वायरींचं काम

‘दोन वायरी तर जोडायच्यात, त्यात काय एवढं?’ मोटरसायकलला जीपीएस बसवून घ्यायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण असंच म्हणतो. लाल प्लसला, काळी मायनसला, झालं काम. माझ्या गाडीचं हेच काम पुण्यात नाना पेठेतल्या एका वायरमनच्या दुकानात झालं. शेजारी स्टूल टाकून मी ते पहिल्या स्क्रूपासून शेवटपर्यंत पाहिलं. सगळी सकाळ लागली, पण त्यातलं एकही मिनिट वाया गेलं नाही. वायरमनना गल्लीतले सगळे ‘मामा’ म्हणतात, म्हणून इथेही मामाच.

फोन असताना वेगळा जीपीएस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पावसात फोनचा पडदा पाण्याच्या थेंबांनाच बोट समजतो, उन्हात फोन तापून बंद पडतो. मोटरसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द अ‍ॅपलनेच 2021 मध्ये सांगितलं होतं. ताम्हिणी घाटात मोबाइलची रेंज गेली, तरी वीसएक हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह कुठे जात नाहीत. नकाशा आधीच उतरवून ठेवलेला असला की युनिट शांतपणे रस्ता दाखवत राहतं. त्याला फक्त खात्रीचा करंट हवा.

मामांनी सीट काढली आणि आधी बॅटरीची मायनस सोडवली. आधी प्लस सोडवायला गेलं आणि पाना चुकून चॅसीला टेकला, तर तिथेच ठिणगी, कारण मायनस अख्ख्या चॅसीला जोडलेली असते. मायनस आधी सुटली की प्लसवरचा पाना चॅसीला कुठेही टेकला तरी बिघडत नाही. जोडताना उलटं, मायनस सगळ्यांत शेवटी.

मग करंट घ्यायचा कुठून, हा खरा प्रश्न. बहुतेक ठिकाणी हेडलाइटच्या मागे जी वायर हाताला लागेल तिच्यावर निळ्या प्लॅस्टिकची क्लिप बसवतात. क्लिप पकडीने दाबली की आतलं पातं इन्सुलेशन चिरून तांब्याला भिडतं. दोन मिनिटांत काम होतं, दिवाही लागतो. मामांनी ड्रॉवरमधून अशाच एका जोडाचा कापून काढलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला. चिरलेल्या जागी तांबं हिरवं पडलं होतं आणि नखाने जरा खरवडताच त्याची पूड झाली. एका पावसाळ्यात पाणी त्या चिरेतून आत जातं आणि इन्सुलेशनच्या आतून वायरभर पसरतं. गिऱ्हाईक मग तक्रार घेऊन येतं ते जीपीएसची नाही, हेडलाइट मंद झाल्याची.

त्यात रंगांचा घोळ. बाहेरून आणलेल्या युनिटची काळी वायर मायनसची असते. यामाहाच्या वायरिंगमध्येही काळी म्हणजे अर्थ. होंडाच्या गाड्यांत मात्र अर्थ हिरवी, आणि काळी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिच्यात करंट येतो ती. रंगाला रंग जुळवत गेलं तर नवं युनिट पहिल्या मिनिटाला जळायचं. “रंग बघायचा, पण विश्वास मीटरवर ठेवायचा,” मामा म्हणाले. बॅटरी तेवढ्यापुरती पुन्हा जोडून त्यांनी टेल लॅम्पची वायर तपासली. किल्ली बंद असताना शून्य, चालू केल्यावर साडेबाराच्या आसपास.

थेट बॅटरीवर जोडलं तर? करंट चांगला मिळतो, पण तो रात्रंदिवस वाहत राहतो. बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारा कन्व्हर्टर पुढे काही जोडलेलं नसतानाही थोडा करंट खातो. तो 20 मिलिअँपिअर धरला, तरी दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर होतो. 4 अँपिअर-अवरच्या बॅटरीची गाडी आठवडाभर उभी राहिली की स्टार्टर उचलणार नाही.

यावर मामांचा उपाय म्हणजे रिले. मुख्य करंट थेट बॅटरीतून फ्यूजमार्गे रिलेच्या 30 नंबरच्या पिनवर, आणि तिथून 87 मधून युनिटकडे. टेल लॅम्पच्या वायरीने फक्त रिलेच्या आतली कॉइल चालवायची, 85 आणि 86 या पिनांवर. कॉइलला दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास करंट लागतो, त्यामुळे कंपनीच्या वायरीवर भार पडत नाही. किल्ली काढली की रिले ‘टिक’ करून सुटतो आणि पुढचं सगळं मेलेलं. एवढ्या छोट्या युनिटला रिले म्हणजे जास्तच झालं, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वर्षाभरात त्याच वायरीवर फॉग लॅम्पही येतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही गाडीत दिसतं.

फ्यूजबद्दल मामा कडक आहेत. युनिट दोन अँपिअर घेतं ते पाच व्होल्टवर. बॅटरीच्या बाजूला तोच भार एका अँपिअरच्या आसपास होतो, म्हणून फ्यूज तीन अँपिअरचा. त्याची जागा बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. युनिटसोबत आलेल्या वायरीत फ्यूज होता, पण तो पार हँडलजवळच्या टोकाला. तिथे तो बिनकामाचा, कारण फ्यूज युनिटला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. टाकीखाली वायर घासून चॅसीला टेकली, तर बॅटरीपासून तिथपर्यंतचा तुकडा तापून लाल होईल आणि हँडलजवळचा फ्यूज शाबूतच राहील. वायर जळेल ती नेमकी पेट्रोलच्या टाकीखाली.

यानंतरचं काम मात्र हातांकडे टक लावून बघण्यासारखं होतं. वायर अर्धा सेंटिमीटर सोलली, तेव्हा आतली एकही तार तुटली नाही. थिंबल घालण्याआधी हीट श्रिंकची नळी वायरीवर सरकवून ठेवली, कारण जोड झाल्यावर ती आत जात नाही. क्रिंपिंगची पकड दोनदा दाबली, एकदा तांब्यावर आणि एकदा इन्सुलेशनवर. मग थिंबल धरून जोरात ओढून पाहिलं. नळीवर लायटर फिरवला तशी ती आकसली आणि कडेने डिंकाचा बारीक थेंब बाहेर आला. तो थेंब आला म्हणजे पाण्याची वाट बंद. झाळ का नाही मारत, असं मी विचारलं. झाळलेली वायर काही अंतरापर्यंत कडक होते, आणि गाडी थरथरली की कडक भाग जिथे संपतो तिथेच तुटते. टीव्हीच्या आत झाळ उत्तम, गाडीत दाबलेला जोड.

वायर टाकीखालून कंपनीच्या वायरिंगला धरून पुढे आली आणि इग्निशन कॉइलपासून लांब राहिली. कन्व्हर्टर मामांनी सीटखाली ठेवला नाही, हेडलाइटच्या मागे नेला. कारण साधं आहे. पाच व्होल्टचे दोन अँपिअर दीड मीटरच्या हलक्या यूएसबी केबलमधून नेले, तर वाटेतच एक व्होल्टहून जास्त गळू शकतो. युनिट ‘चार्जिंग’ दाखवतं आणि त्याची बॅटरी उतरतच राहते. बारा व्होल्ट पुढपर्यंत आणून तिथे पाच केले की हे नुकसान जवळजवळ नाहीसं होतं. शेवटी हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. वायर ताणली जात नाही ना, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला अडत नाही ना, हे बघून मगच टाय ओढले. कनेक्टरच्या अलीकडे वायरीला खाली छोटा झोल दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत शिरणार नाही.

फ्यूज सगळ्यांत शेवटी बसला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या जरा वर, यूएसबीवर 5.1. किल्ली काढून मीटर मायनसच्या वाटेत घातला, तर लपलेली गळती कुठेही उरली नव्हती. या वेळी स्टार्टर मारायचा नाही, मीटरचाच फ्यूज उडतो. मग गाडी दुकानाच्या पत्र्याखालून रस्त्यावर काढून युनिटवरचं उपग्रहांचं पान उघडलं. काही स्वस्त कन्व्हर्टर रेडिओ लहरींचा इतका गोंगाट करतात की उपग्रहांचे क्षीण संदेश त्यात बुडतात. म्हणून मामांनी केबल लावून आणि काढून, दोन्ही वेळा उपग्रह मोजले. आकडा सारखा आला.

तुम्ही गाडीला असं काही बसवून घ्याल तेव्हा गाडी सोडून चहाला जाऊ नका. शेजारी थांबा, फ्यूज कुठे बसवलाय ते वायरमनकडून दाखवून घ्या, तो स्वतः एकदा काढून परत बसवा, आणि तसेच दोन फ्यूज सीटखाली ठेवून द्या. आणि मजुरीत घासाघीस करू नका.