गोळीला नाव हवं, डब्याला जागा हवी



दिवाळीनंतर आपल्या अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. घरी म्हातारी माणसं आणि लहान पोरं राहतात. वृद्धाश्रमात औषध द्यायला नर्स असते, आपल्याकडे ते काम शाळेत जाणाऱ्या नातीवर येतं. म्हणून निघायच्या आधी औषधांची पिशवी एकदा उघडा.

बीपीची गोळी पांढरी, शुगरचीही बऱ्याचदा पांढरीच. सुट्या करून एकाच कागदात बांधल्या की ओळखू येत नाहीत. शुगरच्या काही गोळ्या चुकून दोनदा किंवा उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येते. घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ ला फोन करा.

नाव कसं टिकवायचं?

- गोळ्या पाकिटातून आधीच काढून ठेवू नका. पाकिटावर ज्या बाजूला नाव आणि एक्स्पायरी छापलेली असते, ती बाजू शेवटी वापरा.
- एक्स्पायरी ०६/२०२७ असेल तर जूनच्या शेवटच्या दिवसापर्यंत गोळी चालते, पुढे नाही.
- वाचता येत नसेल तर चित्र काढा: सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र.
- प्रत्येक माणसाची पिशवी वेगळी ठेवा. हे सिकलसेलच्या घरात तर फार महत्त्वाचं. त्या पेशंटची फॉलिक ॲसिडची गोळी वेगळी आणि बायांना मिळणारी लोहाची लाल गोळी वेगळी. सिकलसेलवाल्याला लोहाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

कुठे ठेवायचं?

चुलीजवळ, तापलेल्या पत्र्याखाली किंवा उशीखाली नको. झाकणाचा कोरडा डबा घ्या आणि पोरांचा हात पोचणार नाही असा उंच ठेवा. लाल गोळी पोरांना चॉकलेटसारखी वाटते, पण जास्त खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. फवारणीचं औषध आणि माणसाचं औषध एका फळीवर कधीच नको. रिकाम्या औषधाच्या बाटलीत रॉकेल किंवा फवारणीचं औषध भरू नका.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरची औषधं डब्यासकट आणा. आशाताईंनाही बोलवा. ज्या गोळीचं नाव कोणालाच सांगता येणार नाही, ती परत घरी न नेता उपकेंद्रात दाखवू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक