सातभाया : किनारा, दैवत आणि हवामानबदलाची भाषा

‘हवामानबदल’ हा मराठी शब्द उच्चारताच वाचकाची दृष्टी आकाशाकडे वळते. ओडिया व बंगाली भाषांत याच अर्थी रूढ असलेल्या ‘जलवायु परिवर्तन’ या संज्ञेत पाण्याचाही निर्देश आहे. ओडिशाच्या केंद्रापडा जिल्ह्यातील सातभाया या किनारी वस्तीचा अनुभव या दुसऱ्या संज्ञेच्या अधिक जवळचा आहे. कारण तेथील लोकांच्या लेखी बदल म्हणजे प्रथमतः पायाखालची जमीन नाहीशी होणे होय.

सातभाया हा मुळात सात गावांचा समूह. त्यांतील बहुतेक गावे गेल्या काही दशकांत समुद्राने गिळली. शास्त्रज्ञ या धुपेची कारणे वाढती समुद्रपातळी, वादळे आणि धरणांमुळे घटलेला नद्यांचा गाळ यांत शोधतात. 1971 आणि 1999 च्या चक्रीवादळांनी या किनारपट्टीची मोठी हानी केली.

या घटनांकडे ग्रामस्थ पंचुबाराही या पाच देवींच्या संदर्भात पाहत आले. देवी गावाला समुद्रापासून राखते, ही येथील श्रद्धा. पूजेचा अधिकार दलित समाजातील विवाहित स्त्रियांकडे असून पुरुषांनी मूर्तींना स्पर्श करू नये, असा दंडक होता. समुद्र मंदिराच्या निकट आला, तेव्हा एप्रिल 2018 मध्ये या मूर्ती आत बगपाटिया येथील नव्या मंदिरात नेण्यात आल्या. त्या अवजड पाषाणमूर्ती हलविण्यासाठी पुरुषांचे हात लागले. शतकानुशतके पाळलेला निर्बंध मोडावा लागला, यावरून ग्रामस्थांनी संकटाची तीव्रता कशी मापली, हे स्पष्ट होते.

तथापि, या श्रद्धेला दैववाद म्हणणे योग्य ठरणार नाही. देवीवर भरवसा ठेवणाऱ्या याच लोकांनी पुनर्वसनाची मागणी शासनाकडे वर्षानुवर्षे लावून धरली होती. संरक्षणाची प्रार्थना आणि हक्काची मागणी यांत त्यांना विसंगती वाटली नाही. बगपाटियात पाचशेहून अधिक कुटुंबांना घरापुरती जमीन मिळाली; परंतु बुडालेल्या शेतीच्या बदल्यात शेती मिळाली नाही. अनेक तरुणांना मजुरीसाठी केरळसारख्या दूरच्या राज्यांत जावे लागते. त्यामुळे शासकीय नोंदीत पुरे झालेले स्थलांतर ग्रामस्थांच्या दृष्टीने अपुरेच राहते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. अशा वस्तीतील देवीकथा आणि पूजाविधी केवळ लोकश्रद्धेचे नमुने म्हणून संग्रहित केल्यास त्यांत नोंदलेली हानी दृष्टिआड होते. मूर्ती केव्हा व कोणत्या कारणाने हलली, निर्बंध कोणी आणि का शिथिल केला, हे प्रश्न विचारले, तर त्याच कथा किनाऱ्याच्या बदलाची साक्ष देऊ लागतात. ज्या गावांची जागा आज पाण्याखाली आहे, त्यांच्या बाबतीत ही साक्ष नोंदवून ठेवण्यास विलंब परवडणारा नाही.