चंदननगर: फ्रेंच गाव, बंगाली दिवे

आजचा भाग चंदननगरवर.

कोलकात्याला कामासाठी किंवा फिरायला गेलेल्या माणसाला कुणी ना कुणी सांगतंच, "एक दिवस काढ आणि चंदननगर करून ये, मिनी फ्रान्स आहे." मग माणूस जातो, नदीकाठी चार फोटो काढतो, एक चर्च बघतो आणि दुपारी दोनला परतीच्या लोकलमध्ये बसून म्हणतो, "एवढंच?" हे असं का होतं, आणि ते गाव नीट बघायचं असेल तर काय बघायचं आणि कधी, एवढंच आज बोलायचंय.

आधी ठिकाण. हावड्याहून मेन लाइनची बँडेल किंवा वर्धमान लोकल पकडायची, साधारण तासाभरात चंदननगर. गाव हुगळी नदीच्या पश्चिम काठावर आहे. तिकडचे लोक मात्र तिला गंगाच म्हणतात. या लोकलची गंमत अशी की युरोपातले निम्मे व्यापारी एकाच रेल्वेलाइनवर भेटतात. श्रीरामपूर डेन्मार्कचं, चंदननगर फ्रेंचांचं, पुढे चुंचुडा डचांचं आणि बँडेलला पोर्तुगीजांचं चर्च. (श्रीरामपूरचं आणि आपलं एक नातं आहे. विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापलं गेलं. तो वेगळ्या भागाचा विषय.)

आता "मिनी फ्रान्स" का सापडत नाही ते बघू. फ्रेंच इथे सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावले. पुढे 1731 ते 1741 या काळात डुप्ले इथला प्रमुख होता आणि त्याने गावाला खरी व्यापारी भरभराट आणली. हा तोच डुप्ले, जो आपण शाळेत क्लाइव्हच्या जोडीने पाठ केला. पण मार्च 1757 मध्ये, म्हणजे प्लासीच्या लढाईच्या फक्त तीन महिने आधी, क्लाइव्ह जमिनीवरून आणि अ‍ॅडमिरल वॉटसन नदीतून असे दोघं चालून आले. फोर्ट द ऑर्लिअन्स हा फ्रेंचांचा किल्ला पडला आणि नंतर तो जमीनदोस्तच करण्यात आला. पुढे तहात गाव फ्रेंचांना परत मिळालं, पुन्हा इंग्रजांनी घेतलं, 1816 मध्ये पुन्हा परत दिलं. म्हणजे डुप्लेच्या वैभवाचं गाव आपण बघायला जातो, आणि ते बहुतेक सगळं तेव्हाच गेलं. आज जे दिसतं त्यातलं बरंचसं एकोणिसाव्या-विसाव्या शतकातलं आहे.

आणि जे उरलंय ते कुणी उभं केलं हे बघितलं की गाव वेगळंच दिसायला लागतं. स्ट्रँडवर, म्हणजे नदीकाठच्या त्या झाडांच्या रस्त्यावर, खांबांचा एक देखणा मंडप आहे. तो दुर्गाचरण रक्षित यांच्या स्मरणार्थ. फ्रेंच सरकारचा लेजिओं द'ओनर मिळालेला हा बंगाली माणूस. तिथेच जवळ फ्रेंच प्रशासकांचा जुना बंगला आहे, ज्यात आता म्युझियम आणि इन्स्टिट्यूट चालतं. तिथला संग्रह मुख्यतः हरिहर शेठ या स्थानिक गृहस्थांनी दिलेला. नंददुलालचं देऊळ 1740 च्या सुमाराचं, बंगाली झोपडीसारख्या उतरत्या छपराचं. ते बांधलं इंद्रनारायण चौधुरी यांनी, जे फ्रेंचांचे दिवाण होते. सेक्रेड हार्ट चर्च 1884 चं, त्याचा आराखडा मात्र जाक द्युशात्झ या फ्रेंच माणसाचा. आतल्या रंगीत काचा सकाळच्या उन्हात बघा. माझ्या मते स्ट्रँडच्या फोटोंपेक्षा त्या कितीतरी चांगल्या.

पाताळबाडी पण बघा, निदान बाहेरून. नदीला लागून असलेलं हे घर, त्याचा खालचा मजला पाण्याच्या पातळीला जातो म्हणून हे नाव. रवींद्रनाथ इथे राहून गेलेत.

वाईट वाटतं ते 1875 च्या रजिस्ट्री इमारतीचं. स्ट्रँडवरच आहे, पण वर्षानुवर्षं तिची पडझड होत राहिली. वारसा जपण्यासाठी फ्रेंच दूतावासाच्या मदतीने बरंच काम झालंय, ऐश्वर्या टिपणीस या संवर्धन वास्तुविशारद बाईंनी इथल्या जुन्या घरांची आणि लोकांच्या आठवणींची नोंद केली आहे. मोठ्या सरकारी इमारतीला निदान कुणीतरी वाली असतो. पण जुन्या बंगाली कुटुंबांची जी फ्रेंच धाटणीची घरं आहेत, खांबवाली, लाकडी झडपांच्या खिडक्यांची, ती वाटणीत अडकतात आणि शेवटी बिल्डरकडे जातात. पुण्याच्या पेठांमधले वाडे बघितलेल्यांना हे समजावून सांगायला नको. गल्ल्यांमधून चालत फिरा म्हणतो ते यासाठीच. ही घरं पुढच्या खेपेला असतीलच असं नाही.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे हद्द. इंग्रजांचे पोलीस इथे थेट घुसू शकत नव्हते. त्यामुळे बंगालच्या क्रांतिकारकांना हे गाव हातचं होतं. कन्हाईलाल दत्त इथले, रासबिहारी बोस इथे वाढले, आणि बडोद्याची नोकरी सोडून बंगालमध्ये गेलेले अरविंद घोष 1910 मध्ये आधी इथे लपले आणि मग पाँडिचेरीला गेले. गेटवर लिहिलेलं स्वातंत्र्य-समता-बंधुता (हे गेट 1937 चं, बास्तीय पाडल्याच्या आठवणीत बांधलेलं) वाचताना हे डोक्यात ठेवा. 1949 मध्ये लोकांनी सार्वमतात प्रचंड बहुमताने भारताच्या बाजूने कौल दिला, 1950 मध्ये कारभार आपल्याकडे आला आणि 1954 मध्ये गाव पश्चिम बंगालमध्ये विलीन झालं.

आता मुख्य मुद्दा. चंदननगरला जायचं तर जगद्धात्री पूजेला जायचं. दिवाळीनंतर, कार्तिक शुद्ध षष्ठी ते दशमी. मुख्य दिवस नवमी, म्हणजे आपल्याकडची आवळी नवमी. देवी चार हातांची, सिंहावर बसलेली, सिंहाखाली हत्ती. मूर्ती प्रचंड उंच, वीस फुटांच्या वर. त्यावर शोल्याच्या पांढऱ्या भेंडाची नाजूक सजावट. शहर आणि आसपास मिळून दीडशेहून जास्त पूजा होतात आणि त्यांची एक मध्यवर्ती समिती आहे. सुरुवात कुणी केली? आख्यायिका पुन्हा त्याच दिवाणांकडे जाते. कृष्णनगरचे महाराज कृष्णचंद्र हे इंद्रनारायणांचे मित्र, त्यांच्याकडची पूजा बघून इंद्रनारायणांनी चाउलपट्टीत, म्हणजे तांदळाच्या बाजारात, ती सुरू केली म्हणे. तारखा नीट जुळत नाहीत, पण चाउलपट्टीच्या देवीला आजही "आदि मा" म्हणतात.

आणि मग दिवे. दशमीच्या रात्री विसर्जनाची मिरवणूक निघते. प्रत्येक मंडळाचे अनेक ट्रक, ट्रकवर दिव्यांचे हलते देखावे. मोर पिसारा फुलवतो, मासा पोहतो, रेल्वे धावते. बंगालभर, अगदी कोलकात्याच्या दुर्गापूजेलाही, रोषणाई जाते ती इथल्या कारागिरांकडून. या कलेचं मोठं नाव म्हणजे श्रीधर दास.

ही हालचाल पूर्वी कशी व्हायची ते ऐका, कारण मी इंजिनिअर असल्यामुळे मला यातच सगळ्यात जास्त रस आहे. 6.2 व्होल्टचे छोटे बल्ब, बंगालीत टुनी बल्ब. 230 ला 6.2 ने भागा, साधारण 37. म्हणजे 37 बल्ब एकापाठोपाठ जोडले की माळ थेट मेन लाइनवर चालते. आता मोराची मान हलवायची तर मानेच्या चार-पाच अवस्थांसाठी वेगवेगळ्या माळा, आणि त्या क्रमाने पेटल्या पाहिजेत. त्यासाठी लाकडाचा रोलर. त्यावर तांब्याच्या पट्ट्या ठोकलेल्या, बाजूला प्रत्येक माळेची एक संपर्कपट्टी टेकलेली, आणि रोलर फिरवायला मोटर. पट्टी आली की माळ पेटते, मोकळं लाकूड आलं की विझते. एक आणि शून्य. मोटरचा वेग म्हणजे क्लॉक. चित्र बदलायचं तर नवीन रोलर बनवा. अहो, हा प्रोग्रॅमच आहे, फक्त खिळ्यांनी ठोकलेला!

आता एलईडी आणि चिप आली. वीज कमी लागते, ट्रकवरच्या जनरेटरचा भार हलका होतो, रंग पाहिजे तेवढे. कारागिरांच्या दृष्टीने हे बरंच आहे. पण तयार पट्ट्या कुठेही मिळतात, त्यामुळे "हे चंदननगरचंच काम" म्हणण्यासारखं जे उरतं ते चित्रात आणि हालचालीच्या तालात. ते इथल्या लोकांना अजून इतरांपेक्षा चांगलं जमतं. रोलर बनवणाऱ्या हातांचं मात्र काम गेलं.

खायचं काय? जलभरा संदेश. सूर्य मोदकांचं हे संदेश ताडगोळ्याच्या आकाराचं, आत गुलाबपाणी. तेलिनीपाड्याच्या जमीनदारांनी जावयाची फजिती करायला ते बनवून घेतलं म्हणतात. जावयाने चावा घेतला आणि कपड्यांवर पाणी! तेव्हा पुढे वाकून खा.

शेवटी कामाचं. पूजेच्या दिवसांत स्टेशनवर तुफान गर्दी असते, दशमीला रस्ते बंद असतात आणि चालावं भरपूर लागतं. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सप्तमी किंवा अष्टमीला संध्याकाळी जा, मांडव आणि रोषणाई तेव्हाही असते. मिरवणूकच बघायची असेल तर रात्रभराची तयारी ठेवा. म्युझियम आठवड्यात काही दिवस बंद असतं, आधी चौकशी करा. आणि पूजेशिवाय गेलात तर चार वाजता पोचा. जुन्या घरांच्या गल्ल्या, मग देऊळ, मग स्ट्रँडवर सूर्यास्त, आणि वेळ असेल तर राणीघाटावरून होडीने पलीकडे जगद्दलला जाऊन या. गावाचा सगळ्यात चांगला फोटो पाण्यातूनच येतो.