वसुलीतली चूक, तडजोडीतलं बळ

पहाटे सहाला फोन, मग सोयऱ्यांना फोन, मग दारात उभं राहून गावासमोर पाणउतारा. बीडसारख्या ऊसतोड मजुरांच्या जिल्ह्यात कर्ज थकलेल्या माणसाला वाटतं, हे निमूट सोसायचंच. मुळीच नाही! सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करू नयेत, घरच्यांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2022 मध्ये बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं आहे.

म्हणून कॉलची यादी, मेसेज, रेकॉर्डिंग जपून ठेवावं आणि आधी त्या बँकेकडे किंवा वित्त कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. कर्ज त्याने माफ होत नाही. पण तक्रार नोंदलेली असली की एकरकमी तडजोडीत दंडाची रक्कम सोडा, हप्ते पाडून द्या, हे ठामपणे मागता येतं. ठरलेलं मात्र लेखीच घ्यावं, पैसे भरल्यावर बेबाकी दाखलाही.

खासगी सावकाराच्या बाबतीत महाराष्ट्राचा 2014 चा कायदा आणखी कडक आहे. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीत जमीन गेल्या 15 वर्षांच्या आत बळकावलेली असेल, तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे ती परत मागता येते.